पाच तासिकांचे चार तास

पाच तासिका झाल्या की चार तास होतात.

हे गणित सरांनी मला एसटीत मांडून दाखवलं, तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. तासिका ४८ मिनिटांची. पाच तासिका म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे घड्याळाचे चार तास. शिकवायच्या असतात तासिका आणि पैसे मिळतात घड्याळाच्या तासाचे. "पाचवी तासिका मी देवाच्या नावाने घेतो," असं म्हणून त्यांनी तिकिटाची घडी घातली आणि ते खिशात ठेवलं. सर तिकिटं टाकून देत नाहीत. महिनाअखेरीला सगळी एकत्र करून, किती आले त्यातून किती गेले याचा हिशेब करतात. विषय अर्थशास्त्र, त्यामुळे सवय असेल. की सवय अगोदरची आणि विषय नंतरचा, हे विचारायचं राहून गेलं.

सकाळची नंदुरबारहून सुटलेली बस प्रकाशाच्या पुलावर आली होती. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, तापी दोन्ही काठ धरून वाहत होती. दक्षिण काशी म्हणतात प्रकाशाला, म्हणून निम्म्या बसने बसल्या जागेवरून हात जोडले. या निम्म्या बसमध्ये दोन परिचारिका, एक बँकेतला कारकून, एक तलाठी आणि जिल्हा परिषद शाळांचे पाच-सहा गुरुजी होते. इकडे यांना 'अपडाऊनवाले' म्हणतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. कार्यालयं आली, पदं आली, पण त्या पदांवरची बरीच माणसं अजून बसमध्येच असतात. कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं आहे. सरांची जागा मागच्या चाकावरची. "इथे धक्का जास्त बसतो, म्हणून झोप लागत नाही, म्हणून वाचन होतं," हे त्यांचं स्पष्टीकरण.

सरांचं नाव मी लिहिणार नाही, महाविद्यालयाचंही नाही. ते तापीच्या उत्तरेकडच्या एका तालुक्यात आहे, इतकं पुरे. सरांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. जाहिरात, अर्ज, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, सगळं पहिल्यापासून. अकरा वर्षं ते एकाच खोलीत, एकाच समितीसमोर, त्याच प्रश्नांना उत्तरं देत आले आहेत. गेल्या वर्षी समितीतल्या एकाने विचारलं, "तुम्हाला शिकवण्याचा काही अनुभव?" सर हसले नाहीत. त्यांनी अनुभव सांगितला.

ते सेट उत्तीर्ण आहेत, पीएचडी आहेत आणि सीएचबी आहेत. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, शासनाच्या मराठीत 'तासिका तत्त्व'. त्यात तत्त्व हा शब्द कुणी घातला असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

दराची गोष्ट थोडक्यात अशी. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पदवीच्या वर्गांसाठी तासाला ५०० रुपये ठरले, पुढे ६२५ झाले, २०२३ मध्ये ९००. एका माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. नऊ नवे एक्क्याऐंशी, म्हणजे आठवड्याचे ८,१०० आणि चार आठवड्यांचे ३२,४००. कागदावर हा आकडा वाईट दिसत नाही. पण त्यात रविवार वगळता येणाऱ्या सुट्ट्या नाहीत, दिवाळी नाही, उन्हाळा नाही, परीक्षेचे दिवस नाहीत, नेमणूक होईपर्यंतचे जून-जुलै नाहीत. आणि ४८ मिनिटांच्या तासिकेला ९०० चे ७२० होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला होता. सातव्या वेतन आयोगात कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. आठवड्याचा पूर्ण कार्यभार १६ तासांचा. म्हणजे एका रिकाम्या खुर्चीवर दोन सीएचबी बसवले की काम भागतं, आणि दोघांचे मिळून जे जातात ते एकाच्या पगाराहून कमी असतात. सर म्हणतात, "मी अर्धा प्राध्यापक आहे. उरलेला अर्धा शिरपूरहून येतो."

यंदाचं मानधन अजून आलेलं नव्हतं. बिल महाविद्यालयातून जळगावला, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातं. तिथे त्याला कोण भेटतं, कुठली त्रुटी निघते, ते कधी परत येतं, याच्या कथा स्टाफरूममध्ये पंढरीच्या वारीसारख्या सांगितल्या जातात. तोवर सर संध्याकाळी एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब लिहितात. दुकानदार त्यांना 'डॉक्टर' म्हणतो. गिऱ्हाईकं त्यामुळे फवारणीचा सल्ला विचारतात.

*

फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा खडी लागते. मग वाळूचा ढीग, त्यावर एक कुत्रा. मग सेंट्रिंगच्या फळ्या, बांबू, सिमेंटच्या गोण्यांवर निळं मेणकापड. डाव्या हाताला जुनी इमारत, लांबट, कौलाच्या जागी पत्रे आलेली. उजव्या हाताला नवी. नवी म्हणायची इतकंच, कारण तिचे खालचे कॉलम २०१९ चे आहेत. वर निघालेल्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासून ठेवलेलं होतं. मधल्या वर्षांत त्या सळयांवर मुलं डबे अडकवायची. एका प्राध्यापिकेने सांगितलं, एनएसएसच्या शिबिरात वृक्षारोपणाला जागा उरली नाही तेव्हा त्या कॉलमांच्या मधोमध कडुनिंब लावले होते. दोन चांगले वाढले. या उन्हाळ्यात काम पुन्हा निघालं तेव्हा तोडावे लागले.

काम थांबलं का, याचं उत्तर ४ मे २०२० या तारखेत आहे. टाळेबंदीत महसूल आटला आणि राज्याच्या वित्त विभागाने निर्णय काढला: विकासाच्या योजनांना ३३ टक्केच निधी, नवी बांधकामं नकोत, नवी भरती नको. खासगी संस्थेच्या इमारतीला तो निर्णय सरळ लागू होत नव्हता. पण संस्थेला ज्या दोन-तीन दारांतून पैसा यायचा ती दारं त्या उन्हाळ्यात बंद झाली. भरती मात्र थेट बंद झाली. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने १ ऑक्टोबर २०१७ रोजी रिक्त असलेल्या जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी दिली होती. त्यांतल्या उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा वाट मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. सरांच्या विषयाची इथली जागा दोन्ही वेळा यादीत बसली नाही. एकदा आरक्षणाच्या बिंदुनामावलीत अडकली. दुसऱ्यांदा का, ते कुणी सांगितलं नाही.

एकाच कागदाने इमारत आणि माणूस दोन्ही थांबले. इमारत यंदा पुन्हा सुरू झाली.

हे असं का होतं, हे समजून घ्यायला मी त्या दिवशी तीन माणसांशी बोललो: कार्यालयातले मोठे बाबू, प्रभारी प्राचार्य आणि खुद्द सर. सगळ्यांत स्वच्छ उत्तर मिळालं ते सरांच्या वर्गात, आणि तेही त्यांच्याकडून नाही.

*

अकराची तासिका वाचनालयात होती. नेहमीची खोली नव्या इमारतीला चिकटून आहे आणि त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. मिक्सर सकाळी नऊलाच धडधडायला लागला होता. ग्रंथपालांनी दोन कपाटं सरकवून जागा केली होती. फळा नाही म्हणून जुन्या बाकावर हार्डबोर्ड टेकवलेला. साठेक मुलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुली. त्यांच्यात पावरी बोलणारे, देहवाली बोलणारे, मावची बोलणारे, दोन-तीन घरं गुजरीची, बाकी अहिराणी. प्रमाण मराठी कुणाच्याच घरी नाही, सरांच्याही नाही. पाठ्यपुस्तकातलं 'सार्वजनिक आयव्यय' हे सगळ्यांना सारखंच परकं आहे. मला तर यात एक प्रकारची समता दिसली.

विषय होता भांडवली आणि महसुली खर्च. सरांनी व्याख्या लिहून दिली. मग खडू खाली ठेवून विचारलं, "भांडवली खर्चाचं एक उदाहरण?"

खिडकीतून मिक्सरचा आवाज येत होता. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, स्लॅब."

"बरोबर. एकदा केला की पन्नास वर्षं राहतो. आणि महसुली?"

कुणी बोलेना. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने वहीतून मान वर न करता म्हटलं, "सर, तुम्ही."

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी हार्डबोर्डवर एका बाजूला 'स्लॅब' आणि दुसऱ्या बाजूला 'सर' असं लिहून खरोखरच तास पुढे नेला. स्लॅबचा खर्च एकदाच येतो. त्याचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, कोनशिलेवर नाव कोरता येतं. त्यासाठी आमदार निधी मिळतो, देणगीदार मिळतो, एखादी केंद्राची योजना मिळते. सरांचा खर्च दर महिन्याला येतो, वाढत जातो, तीस वर्षं चालतो आणि त्यानंतरही निवृत्तिवेतन मागतो. वित्त विभागात बसलेला माणूस दुष्ट नसतो. तो फक्त पुढच्या तीस वर्षांकडे बघतो आणि घाबरतो. "मग तो काय करतो?" सरांनी विचारलं. "तो सरांचे तुकडे करतो. महिन्याचे तास करतो, तासाची मिनिटं करतो. तुकडा विकत घेतला की मागची-पुढची जबाबदारी राहत नाही."

हे ते कडवटपणे म्हणाले नाहीत, शिकवताना म्हणाले. मुलं लिहून घेत होती. मला वाटतं, परीक्षेत एखादी हे लिहील आणि तिला गुण मिळतील की नाही ते तपासणाऱ्यावर आहे.

मग धडगावकडच्या एका मुलाने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हा सगळा प्रवास केला असं मला आता वाटतं. "सर, उचल कशात धरायची?"

उचल म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाने पावसाळ्यातच हातावर ठेवलेली रक्कम. सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातकडे, बारडोलीच्या पट्ट्यात तोडीला जातात आणि होळीला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. मुलाचं म्हणणं असं, की उचल घरात येते तेव्हा ती उत्पन्न वाटते, पण ती तर अंगावर फेडायची असते. मग ती जमेला की कर्जाला? आणि त्यातून घरावर पत्रे टाकले तर तो खर्च भांडवली का? आणि आईला दवाखान्यात नेलं तर?

सर थोडा वेळ गप्प राहिले. पुढे जे झालं ते पाठ्यक्रमात कुठेच बसत नाही. मुलांनी आपापल्या घरचा अर्थसंकल्प सांगायला सुरुवात केली. मोहाची फुलं वेचून, वाळवून साठवली तर भाव चढल्यावर विकता येतात, पण साठवायला घरात अगोदर ज्वारी लागते. आमचुराचं तेच. कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात घालून पंधरा दिवस राखायचं, वळवाचा पाऊस आला की काळा पडतो आणि भाव पडतो. नंदुरबारजवळच्या एका मुलीची आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. ती म्हणाली, "हाताची आग होते त्याचा खर्च कुठे लिहायचा?" सरांनी तिला उत्तर दिलं नाही. हार्डबोर्डवर तिसरा रकाना आखला आणि तो रिकामा ठेवला.

घंटा झाली. ४८ मिनिटं संपली होती. तास अजून वीस मिनिटं चालला. ही वीस मिनिटं कुठल्याच बिलात येणार नाहीत.

*

मोठ्या बाबूंच्या टेबलावर काच आहे आणि काचेखाली सप्तशृंगी. त्यांनी मला संस्थेचं अंदाजपत्रक दाखवलं नाही, पण तोंडी समजावलं, आणि ते कागदापेक्षा बरं होतं. अनुदानित महाविद्यालयाला शासन पगार देतं, तेही मंजूर आणि भरलेल्या पदांचे. इमारत, बाकं, रंग, झाडू, छपाई, विजेचं बिल हे संस्थेने बघायचं. वेतनेतर अनुदान नावाची एक गोष्ट पूर्वी येत असे. बाबूंनी तिचा उल्लेख वारलेल्या चुलत्याचा करावा तसा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पंचवार्षिक योजनेतून वसतिगृहं, प्रयोगशाळा बांधून झाल्या, पण बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि तो झरा आटला. मग रूसा, म्हणजे २०१३ चं राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान. मग २०२३ पासून त्याचंच पीएम-उषा. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक, म्हणून प्राधान्य. पण प्रस्तावाला नॅकचं मूल्यांकन लागतं, नॅकला खोल्या दाखवाव्या लागतात, आणि खोल्यांसाठी प्रस्ताव. "कोंबडी आधी की अंडं," बाबू म्हणाले, "आमच्याकडे दोघंही उसने आणलेले."

मग राहते फी. इथे खरी मेख आहे आणि ती पुण्या-मुंबईत बसून कळत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात अनुसूचित जमातींचे ६९ टक्के. साक्षरता ६४.३८ टक्के, राज्यात सगळ्यांत कमी. या वर्गातली बहुतेक मुलं घरातून महाविद्यालयात येणारी पहिलीच. त्यांच्याकडून फी घ्यायची नसते, ती शिष्यवृत्तीतून येते. आणि शिष्यवृत्ती येते तेव्हा येते. मुलाचा अर्ज पोर्टलवर चढला पाहिजे, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आणि त्या खात्याला आधार जोडलेला हवा. कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात त्या दिवशी वीसेक मुलं उभी होती ती यासाठीच. एकाच्या आधारावर आडनाव वळवी, दहावीच्या गुणपत्रकावर वसावे. एकीचं खातं गावच्या पोस्टात, आणि पोस्टाची रेंज गेलेली.

देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते. या रांगेतली मुलं तेव्हा अंगणवाडीत होती.

म्हणजे मुलांना पैसा उशिरा, म्हणून महाविद्यालयाला उशिरा, म्हणून ठेकेदाराला उशिरा. ठेकेदार काम थांबवू शकतो. सर थांबवू शकत नाहीत.

प्रभारी प्राचार्यांना भेटलो तेव्हा ते बूट काढून, पँट दुमडून स्लॅब बघायला निघाले होते. 'प्रभारी' हा शब्द त्यांच्या पाटीवर इतका जुना झालाय की रंग उडालाय. मुळात ते भूगोलाचे. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे, पण मला जमलं नाही. ते म्हणाले, "मुलींसाठी जुन्या इमारतीत दोन संडास आहेत. मुली साडेचारशे. तुम्ही म्हणता माणूस आधी की इमारत आधी. मला दोन्हीतलं एक निवडायची मुभा कुणी दिली? मला जे मिळतं ते मी घेतो." २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, अशी वेळापत्रकाची गोधडी झाली आहे. चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये दारात उभं राहील. खोल्या लागणारच. "आणि शिकवायला?" मी विचारलं. ते मिक्सरकडे बघत म्हणाले, "तुमच्या सरांसारखे आहेत ना."

स्टाफरूममधले सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापक पुढच्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांच्यामागे त्यांचं पद रिक्त होईल आणि त्याचे तुकडे पडतील. त्यांनी सरांना चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा माझा विद्यार्थी. मी याला म्हटलं होतं, एमपीएससी कर. माझंच चुकलं, जरा जोरात म्हणायला हवं होतं." पद भरलं गेलं तरी ते कसं भरलं जातं, याबद्दल या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही. आकडा सगळ्यांना माहीत असतो, कागदावर कुठेच नसतो. सरांनी नंतर बसस्टँडवर एवढंच म्हटलं, "जागा भरली की इमारतीचा एक मजला उभा राहतो, असं आमच्यात म्हणतात." त्यावर ते पुढे बोलले नाहीत, मीही टोकलं नाही.

नोटीस बोर्डावर एक परिपत्रक होतं. इमारत निधीसाठी सर्व कर्मचाऱ्यांनी ऐच्छिक स्वरूपात एक दिवसाचं वेतन द्यावं. खाली सह्यांचा तक्ता. सीएचबींच्या नावांपुढे रकाना कोरा होता, कारण त्यांचा एक दिवस म्हणजे नेमकं किती, यावर कार्यालयात एकमत झालं नव्हतं. सोमवारी दोन तासिका, मंगळवारी तीन, बुधवारी सुट्टी आली तर शून्य. सरांनी खाली बारीक अक्षरात 'बुधवार' लिहून सही केली होती.

*

दुपारी तीनच्या सुमाराला स्लॅब अर्ध्यावर आला. हे काम मी नीट पाहिलं, कारण मला ते आवडतं. मिक्सरमधून माल ओतला जातो, घमेली हातोहात वर जातात, वर मिस्तरी व्हायब्रेटर घेऊन सळयांच्या जाळीत फिरतो, मागे दुसरा फळीने पातळी करतो. एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर सांधा राहतो आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी गळतं. म्हणून मजुरांचं जेवणही पाळीने. घमेल्यांच्या साखळीत एक मुलगा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सरांना बघून त्याने मान खाली घातली. सर थेट त्याच्यापाशी गेले.

"अकराच्या तासाला का नव्हतास?"

"सर, आज स्लॅब."

"किती देतो ठेकेदार?"

मुलाने आकडा सांगितला. सरांनी मनातल्या मनात काहीतरी केलं, मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. मग म्हणाले, "तुझा दिवस माझ्या मंगळवारपेक्षा कमी आहे, सोमवारपेक्षाही. पण तुला आज संध्याकाळी मिळतील." मुलगा हसला. सरांनी सांगितलं, वहीची झेरॉक्स घे, आज महसुली-भांडवली झालं. मुलगा म्हणाला, घेतो. घमेलं थांबलेलं बघून मिस्तरी वरून ओरडला, "चाल रे भो, माल सुकी राह्यना!"

याच महाविद्यालयाच्या कागदावर तो मुलगा हजेरीपटावरचा विद्यार्थी आहे. हजेरीपट हीच इथली कामधेनू. पटावर मुलं किती यावर तुकड्या, तुकड्यांवर कार्यभार, कार्यभारावर पदं. दिवाळीनंतर कोयते गुजरातेत गेले की पट तेवढाच राहतो आणि वर्ग रिकामा होतो. तपासणी आली आणि ती मुलं दिसली नाहीत तर कार्यभार कमी, पदं अतिरिक्त. म्हणून नोव्हेंबर ते होळी या काळात खोलीत बसलेल्यांपेक्षा हजेरीपुस्तकातली मुलं जास्त असतात. याला कुणी खोटेपणा म्हणेल. माझ्या मते ऊसतोडीचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही, त्याची ही दुरुस्ती आहे. एखादं सत्र पावसाळ्याला धरून आखायला काय हरकत आहे? जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं झालं ते खानदेशाच्या गरजा खानदेशातच कळाव्यात म्हणून. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं. शेतीच्या दिवसांचं गणित त्या बाईला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

साडेचारला स्लॅब पुरा झाला. नारळ फुटला, बुंदी वाटली गेली. वॉचमनला बोलावून प्राचार्यांनी बजावलं: उद्यापासून बांध घालून पाणी तुंबवायचं, एक दिवसही कोरडं पडू द्यायचं नाही, सुट्टी असो की सण. वॉचमनने विचारलं, रविवारचे पैसे? प्राचार्य म्हणाले, मिळतील.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे.

*

परतीच्या बसला गर्दी होती. सर चाकावरच्या जागेवर, मी उभा. धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेला जायचं का, यावर मागच्या बाकावर तरुणांची चर्चा चालली होती. रात्रभर डोंगर चढायचा, अश्वत्थाम्याच्या शिखरावर पहाट गाठायची. पायऱ्या झाल्या का, रस्ता झाला का, हेच त्यातही. सर मोबाइलवर काहीतरी शोधत होते.

सकाळची ती पुढच्या रांगेतली मुलगी, 'सर, तुम्ही' म्हणणारी, निघताना फाटकापाशी थांबली होती. मी ऐकलं ते एवढंच: तिचे आई-वडील आणि मोठा भाऊ यंदा तोडीला जाणार. भावाची बायको बाळंतीण, म्हणून कोयता पुरा करायला हिला जावं लागेल. परीक्षेला येते, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "सर, पुढच्या प्रकरणांचं पीडीएफ करून टाका ना. तिकडे रेंज आहे. आमच्या गावात नाही, पण उसात आहे."

प्रकाशाचा पूल आला. बसने पुन्हा हात जोडले. सरांच्या मांडीवर उघडी वही होती, 'सार्वजनिक कर्ज' या प्रकरणाची, हाताने लिहिलेली. ते एकेका पानाचा फोटो काढत होते. खड्डा आला की पान हलायचं, अक्षर पुसट यायचं, ते पुसून पुन्हा काढायचे. नंदुरबार येईपर्यंत अकरा पानं झाली. त्यांनी ती पाठवली. एकच टिक आली, कारण ती मुलगी घरी पोहोचली होती.